सायलेन्सरच्या पाइपला पोचा पडला तर गाडीचा पिकअप खरंच कमी होतो का?

मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याहून पुण्याला परत येताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात बाइक आदळली आणि खालून 'ठण्ण' असा आवाज आला. थांबून वाकून पाहिलं तर बेंड पाइपला चांगला अंगठाभर पोचा पडला होता. बेंड पाइप म्हणजे इंजिनाच्या हेडमधून निघून खाली वळणारी आणि पुढे सायलेन्सरला मिळणारी नळी. दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने एकदाच नजर टाकली आणि निकाल दिला, "पाइप दबलाय, धूर अडतोय, पिकअप जाणारच. पूर्ण सायलेन्सर बदलून टाका दादा."

गाडी १५० सीसीची, बीएस६. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये बेंड पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर एकच अखंड भाग म्हणून येतो. म्हणजे पोचा एका ठिकाणी असला तरी बिल सगळ्याचं, काही हजारांचं. आणि खरं सांगायचं तर गाडी पूर्वीसारखी ओढत नाहीये असं मलाही वाटत होतं.

पण पैसे देण्याआधी प्रश्न पडला: एवढ्याशा पोच्याने इंजिनाची ताकद नेमकी किती कमी होते? रोज कोड लिहिणारा माणूस मी, त्यामुळे आधी हिशोब केला आणि मग पाना हातात घेतला. त्या हिशोबातून जे कळलं ते या लेखात सविस्तर पाहूया. तुमच्याही गाडीच्या पाइपला पोचा असेल, किंवा पोचा असलेली सेकंडहँड गाडी घ्यायचा विचार असेल, तर हे नक्की उपयोगी पडेल.

जळलेला वायू बाहेर कसा पडतो?

फोर-स्ट्रोक इंजिनाचं काम आपल्याला शाळेपासून माहीत आहे: हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि जळलेला वायू बाहेर टाकणं. आपला विषय या चौथ्या टप्प्याचा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन अगदी तळाला पोहोचण्याआधीच उघडायला लागतो. त्या वेळी सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त दाब शिल्लक असतो. त्यामुळे जळलेल्या वायूचा मोठा भाग स्वतःच्याच दाबाने फस्सकन बाहेर पडतो. प्रेशर कुकरची शिट्टी उचलल्यावर वाफ निघते तसंच. उरलेला वायू मग पिस्टन वर येताना ढकलून बाहेर काढतो.

म्हणजे पाइपमधून वायू नळाच्या पाण्यासारखा एकसारखा वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. एक सिलिंडर असलेलं इंजिन ८००० आरपीएमला फिरत असेल तर दर सेकंदाला साधारण ६७ ठोके. पुढचा सगळा हिशोब करताना हे ठोके लक्षात ठेवायचे आहेत.

पाइप अडला तर ताकद कुठे जाते?

पाइपमध्ये अडथळा आला की त्याच्या मागे दाब वाढतो. यालाच सगळे 'बॅक प्रेशर' म्हणतात. त्याने दोन प्रकारे नुकसान होतं.

पहिलं, पिस्टनला वायू बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. हा जोर इंजिनाने स्वतःच कमावलेल्या ताकदीतून जातो, चाकापर्यंत पोहोचत नाही.

दुसरं, थोडा जळलेला वायू सिलिंडरमध्येच मागे राहतो. त्याने जागा अडवली की पुढच्या फेरीला ताजं हवा-पेट्रोल तेवढं कमी आत येतं. एसटीतले आधीचे प्रवासी उतरलेच नाहीत तर नवे चढणार कुठे? तसंच.

म्हणजे मेकॅनिकचं म्हणणं तत्त्व म्हणून चूक नाही. अडथळा आला तर ताकद जातेच. प्रश्न एवढाच की किती.

पोचा दिसतो मोठा, जागा जाते थोडी

इथे आपले डोळे आपल्याला फसवतात. गोल नळी अर्ध्यापर्यंत चेपलेली दिसली की आपण म्हणतो, "अर्धा पाइप बंद झाला." पण तसं होत नाही.

बागेतला रबरी पाइप बोटांनी हळूच दाबून बघा. वरून खाली तो चपटा होतो, पण त्याच वेळी दोन्ही बाजूंना फुगतो. नळीचा घेर तेवढाच राहतो, फक्त आकार बदलतो. म्हणून उंची जेवढी कमी झाली तेवढी आतली जागा कमी होत नाही.

समजा नळीचा आतला व्यास २६ मिमी आहे आणि ती दोन्ही बाजूंना फुगून चपटी झाली. भूमितीने हिशोब केला तर असं निघतं:

- उंची १९.५ मिमी उरली (पाव भाग चेपला): आतली जागा ९४ टक्के शिल्लक
- उंची १३ मिमी उरली (अर्धा चेपला): ७५ टक्के शिल्लक
- उंची साधारण ७.६ मिमी उरली: ५० टक्के शिल्लक
- उंची साधारण ३.५ मिमी उरली: २५ टक्के शिल्लक

पुन्हा एकदा वाचा. नळी अर्ध्या उंचीपर्यंत चेपली तरी वायूसाठी पाऊण जागा मोकळीच आहे. जागा खरोखर अर्धी व्हायला नळी जवळजवळ सपाट व्हावी लागते.

अर्थात प्रत्येक पोचा असा सभ्य नसतो. दगडाच्या टोकाने बसलेला पोचा फक्त एका बाजूने आत घुसतो, दुसरीकडे नळी फुगत नाही. तेव्हा नुकसान जास्त. एका बाजूची गोलाई आरशासारखी आत उलटली असं धरलं, तर व्यासाच्या पाव भागाइतक्या खोल पोच्याने साधारण १४ टक्के जागा जाते आणि अर्ध्या व्यासाइतक्या खोल पोच्याने साधारण ३९ टक्के. म्हणजे अशा वाईट पोच्यातही निम्म्याहून जास्त वाट मोकळी राहते.

माझ्या बाइकचा पोचा मोजला तेव्हा खोली साधारण ६ मिमी भरली. म्हणजे जेमतेम पाव व्यास. वाईटात वाईट धरलं तरी १४ टक्क्यांच्या आसपास जागा गेली होती.

जागा गेली तर दाब किती वाढतो?

आता थोडे आकडे. घाबरू नका, गणित आठवीचंच आहे.

१५० सीसीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ८००० आरपीएमला चालतंय असं धरूया. ते सेकंदाला साधारण १० ग्रॅम हवा आत घेतं. पेट्रोल मिळवून बाहेर पडणारा वायू साधारण ११ ग्रॅम. त्याचं तापमान ६०० अंश सेल्सिअस धरलं तर तो फुगून सेकंदाला साधारण २७ लिटर होतो. २६ मिमीच्या नळीतून तो सरासरी सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किमीच्या वेगाने जातो.

पोच्याच्या जागी वाट अरुंद, म्हणून वेग वाढतो. पोचा संपल्यावर झोत पुन्हा पसरतो आणि तेव्हा भोवरे तयार होऊन दाब वाया जातो. या नुकसानाचं एक जुनं सूत्र आहे, बोर्डा-कार्नोचं. ते लावलं तर:

- ७५ टक्के जागा शिल्लक: साधारण ६० पास्कल वाया
- ५० टक्के जागा शिल्लक: साधारण ५२० पास्कल वाया
- २५ टक्के जागा शिल्लक: साधारण ४७०० पास्कल वाया

प्रमाण बघितलंत? १, ९ आणि ८१. पहिला पाव भाग गेला तर नुकसान नगण्य. अर्धा गेला तर नऊपट. पाऊण भाग गेला तर एक्याऐंशीपट. या सगळ्या विषयाचं सार याच आकड्यांत आहे. पोच्याचं नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. बराच काळ काहीच होत नाही आणि मग एकदम कोसळतं.

आता हे आकडे कशाच्या तुलनेत बघायचे? बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ लाख पास्कल असतो. आणि चांगल्या १५० सीसी इंजिनात पिस्टनवर कामाला येणारा सरासरी दाब साधारण ९ ते १० लाख पास्कल भरतो. त्यापुढे ६० पास्कल म्हणजे किस झाड की पत्ती!

हा हिशोब वायू एकसारखा वाहतोय असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात तो ठोक्यांनी येतो, आणि ठोक्याच्या शिखराला वेग सरासरीच्या कित्येक पट असतो. म्हणून खरं नुकसान यापेक्षा काही पटींनी जास्त धरायला हवं. तसं धरूनही ७५ टक्के जागा शिल्लक असेल तर नुकसान एक टक्क्याच्या खूप आत राहतं, ५० टक्क्यांवर ते एखाद्या टक्क्याच्या घरात येतं. पण २५ टक्क्यांवर गोष्ट वेगळी. तिथे ठोक्याच्या शिखराला झोत ध्वनीच्या वेगाला टेकायला लागतो, पाइप गुदमरतो आणि गाडी वरच्या आरपीएमला स्पष्टपणे मार खाते.

१४ अश्वशक्तीच्या बाइकमध्ये एक टक्का म्हणजे ०.१४ अश्वशक्ती. हे आपल्याला सीटवर बसून कळू शकतं का? तुलनेसाठी एक उदाहरण: महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कोकण किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. म्हणजे घाट चढून वर गेल्यावर गाडी जेवढी मंदावते त्याच्या दहावा हिस्साही साध्या पोच्याने मंदावत नाही.

शहरात चालवताना तर आणखी कमी

वायूचा वेग दुप्पट झाला की दाबाचं नुकसान चौपट होतं. उलटही खरं. सिग्नलला आयडलवर उभ्या असलेल्या गाडीत वायूचा वेग पूर्ण थ्रॉटलच्या पंधरा-वीस पटींनी कमी असतो. त्यामुळे पोच्याचं नुकसान शेकडो पटींनी घटतं.

रोज ऑफिसला ४०-५० च्या स्पीडने जाणाऱ्या माणसाला मध्यम पोचा जाणवण्याचा प्रश्नच येत नाही. पोच्याचा परिणाम बघायचाच असेल तर तो फक्त वरच्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर दिसेल. म्हणूनच "आयडलला गाडी बंद पडतेय, पोच्यामुळे असेल" असं कोणी म्हणालं तर दुसरं कारण शोधा. पाइप जवळजवळ बंद झाल्याशिवाय पोच्याने आयडल बिघडत नाही.

आणखी एक मुद्दा. पाइप हा एकच अडथळा नाही. वायूच्या वाटेत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट आहे, कॅटॅलिस्टची जाळी आहे, सायलेन्सरच्या आतले पडदे आणि बारीक नळ्या आहेत. एक्स्प्रेसवेवर टोलनाक्याच्या अलीकडे थोडासा रस्ता खोदला तर मुंबईला पोहोचायला किती उशीर होईल? फारसा नाही, कारण खोळंबा मुळात टोलनाक्यावर आहे. पोच्याचंही तसंच. गाडी बनवणाऱ्या कंपन्याही कधीकधी नट-बोल्ट किंवा चासीला जागा मिळावी म्हणून पाइप मुद्दाम चेपून बनवतात, ते याच हिशोबावर.

पोचा कुठे पडलाय?

सारख्याच आकाराचे दोन पोचे, पण जागा वेगळी असेल तर परिणामही वेगळा.

इंजिनाजवळ वायू सगळ्यात गरम असतो, म्हणून फुगलेला आणि वेगवान. तिथला पोचा जास्त नडतो. मागे सरकत जाल तसा वायू थंड होतो, आकसतो आणि ठोकेही सौम्य होतात. त्यामुळे शेपटीकडचा पोचा कमी नडतो.

सायलेन्सरच्या डब्याला बाहेरून पडलेला पोचा तर बहुतेक वेळा फक्त दिसायला वाईट. आतल्या नळ्यांना धक्का लागला नसेल तर ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. फक्त गाडी हलवल्यावर आत काही खडखडत नाही ना, एवढं बघून घ्या.

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी

आतापर्यंतचं सगळं फोर-स्ट्रोकसाठी. तुमच्याकडे यामाहा आरएक्स १०० किंवा जुनी येझदी असेल तर मात्र जरा सावध.

टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीतलं पोर्ट पिस्टनच उघडतो आणि बंद करतो. त्यामुळे ताजं मिश्रण आत येतानाच थोडं थेट एक्झॉस्टमध्ये निसटतं. ते परत आणायचं काम एक्झॉस्ट पाइपचा आकार करतो. नळी रुंद होत जाते तिथून दाबाची लाट ओढ घेऊन परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. नळी पुन्हा अरुंद होते तिथून दाबाची लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पोर्ट बंद व्हायच्या क्षणी ही लाट पोहोचायला हवी, म्हणून लांबी आणि उतार मोजून ठरवलेले असतात.

हे शास्त्र रेसिंगमध्ये पक्कं केलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २०० अश्वशक्ती. त्याच वर्षी एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याने सुझुकीला ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. पाइपच्या आकाराचं ज्ञान केवढं मोलाचं होतं, हे यावरून कळेल.

१९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या आरएक्स १०० मध्ये ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती निघायची. तिचा पाइपही नुसती धूर सोडणारी नळी नाही, इंजिनाचाच भाग आहे. म्हणून टू-स्ट्रोकमध्ये सुरुवातीच्या अरुंद नळीला किंवा उताराच्या भागाला मोठा पोचा पडला तर ताकदीचा ठरावीक पट्टा बिघडू शकतो. मधल्या फुगीर भागावरचा लहान पोचा त्यामानाने फारसा नडत नाही.

आणि टू-स्ट्रोकमध्ये पिकअप गेला तर पोच्याआधी कार्बनवर संशय घ्या. तेल जळून साचलेला काजळीचा थर आतल्या नळीची वाट कुठल्याही पोच्यापेक्षा जास्त अडवतो. जुने मेकॅनिक सायलेन्सर उघडून साफ करायचे ते उगाच नाही.

कार असेल तर काय बघायचं?

कारमध्ये पाइप गाडीच्या पोटाखालून जातो, त्यामुळे स्पीडब्रेकर हा त्याचा जन्माचा शत्रू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असा पसरट असायला हवा. आपल्या गल्लीतले कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे!

पोटाखालच्या पाइपचा साधा पोचा आधी सांगितलेल्या हिशोबातच बसतो. पण दोन ठिकाणी जास्त लक्ष द्या.

एक म्हणजे टर्बो गाड्या. टर्बोची चक्की तिच्या पुढचा आणि मागचा दाब यांच्या फरकावर फिरते. टर्बोनंतरचा पाइप जास्त चेपला तर मागचा दाब वाढतो, चक्कीला वेग घ्यायला उशीर लागतो. म्हणून टर्बो गाडीत मोठा पोचा साध्या पेट्रोल गाडीपेक्षा लवकर जाणवतो.

दुसरं म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कारमध्ये त्याच्या आत बहुतेक वेळा सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप. बाहेरच्या पत्र्याला जोरात धक्का बसला तर जाळी आत तडकते. तुकडे सुटले की ते फिरून वाट बंद करू शकतात. म्हणजे बाहेरचा पोचा लहान, पण आतला अडथळा मोठा. कन्व्हर्टरवर हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ्यासारखा आवाज आला तर वेळ घालवू नका.

पोच्यापेक्षा गळती वाईट

ज्या धक्क्याने पोचा पडतो त्याच धक्क्याने इतरही गोष्टी बिघडतात, आणि बहुतेक वेळा खरा गुन्हेगार त्यातलाच एक असतो.

पहिला संशयित म्हणजे गळती. धक्क्याने वेल्डिंगला चीर जाते किंवा हेडजवळचं गॅस्केट हलतं. तिथून 'फस फस' आवाज येतो, सांध्याजवळ काळी काजळी दिसते. पण खरा घोळ पुढे आहे. बीएस६ गाड्यांच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, "अरे, ऑक्सिजन जास्त आहे, पेट्रोल कमी पडतंय." ईसीयू बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडतं आणि गाडी जड वाटायला लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, इनपुटच चुकीचं असेल तर प्रोग्रॅम काय करणार!

कारमध्ये गळती हा जिवाचा प्रश्न आहे. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पोटाखालच्या चिरेतून तो केबिनमध्ये शिरला तर डोकं दुखणं, मळमळ, गुंगी अशी सुरुवात होते आणि काच बंद करून एसीत झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. म्हणून पोचा दुर्लक्षित केला तरी चालेल, गळती अजिबात नाही.

दुसरा संशयित म्हणजे पाइपशी संबंध नसलेल्या गोष्टी. खड्ड्यात आदळल्यावर रिम वाकतो, ब्रेक घासायला लागतो, चेन जास्त ताणली जाते. गाडी ओढत नाही असं वाटतं आणि दोष मात्र समोर दिसणाऱ्या पोच्यावर जातो.

"इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच" हे खरं का?

या विषयावर बोलताना कोणीतरी हे वाक्य टाकतंच. त्याचा अर्थ काही जण असा काढतात की थोडा पोचा चांगलाच!

इंजिनाला बॅक प्रेशर नको असतं. हवा असतो तो वायूचा योग्य वेग आणि परतणाऱ्या लाटांची योग्य वेळ. पाइप गरजेपेक्षा रुंद केला तर वेग मंदावतो, लाटांचं वेळापत्रक बिघडतं आणि खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. मग लोक म्हणतात, "बघा, बॅक प्रेशर गेलं म्हणून ताकद गेली." गेलेली गोष्ट वेगळीच असते.

म्हणूनच पोचा पडला हे निमित्त करून बाजारातला 'फटाका' सायलेन्सर बसवू नका. आवाज वाढतो, ताकद वाढेलच असं नाही. शिवाय कॅटॅलिस्ट काढून टाकला तर प्रदूषण वाढतं आणि पोलिसांनी पकडलं तर दंड वेगळा.

घरच्या घरी कसं तपासाल?

गाडी पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा. गरम बेंड पाइपची खूण पिंढरीवर वर्षानुवर्षं राहते.

१. पोचा मोजा. चांगल्या भागातला पाइपचा बाहेरचा व्यास आणि पोच्याच्या जागी उरलेली उंची व्हर्नियरने किंवा साध्या पट्टीने मोजा. उंची अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर ताकदीची काळजी सोडा. एक तृतीयांशाच्या खाली असेल तर बदलायचा विचार करा.

२. गळती शोधा. थंड गाडी सुरू करून सांध्यांवर आणि पोच्याच्या कडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तर गळती आहे. काळे डागही बघा.

३. आवाज ऐका. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फट-फट आवाज येत असेल तर बाहेरची हवा आत शिरत असण्याची शक्यता आहे.

४. चाकं हाताने फिरवा. मोकळी फिरतात का, ब्रेक घासतोय का, चेन किती ताणलीय, ते बघा.

५. अ‍ॅव्हरेज मोजा. टाकी फुल करून दोनदा मोजा. अंदाजाने ठरवू नका.

६. कारमध्ये शंका राहिलीच तर मेकॅनिकला ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावायला सांगा. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचा ठोकताळा असा की आयडलला दाब साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या आत असावा. त्याहून बराच जास्त दिसला तर वाट कुठेतरी खरंच अडलीय.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पोचा ठोकून सरळ करता येतो का?*
बाहेरून ठोकून आत गेलेला पत्रा बाहेर येत नाही. वेल्डर पोच्यावर रॉड चिकटवून ओढून काढतात किंवा तेवढा तुकडा कापून नवा जोडतात. पाइपची दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि गॅसने तापवायचं, अशीही एक पद्धत आहे. ती घरी अजिबात करू नका, पाइप फुटून जीव जाऊ शकतो. आणि पोचा लहान असेल तर हात न लावणंच उत्तम. ओढाताणीत चीर पडली तर होता तो पोचा बरा म्हणायची वेळ येईल.

*पोच्यामुळे इंजिन खराब होतं का?*
साध्या पोच्याने नाही. वाट जवळजवळ बंद झाली असेल तर इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ताण येतो. पण तेव्हा गाडी इतकी मंदावते की तुम्ही तशी फार काळ चालवणारच नाही.

*पीयूसी मिळेल का?*
पोच्याचा पीयूसीशी थेट संबंध नाही. गळती असेल किंवा कॅटॅलिस्ट तुटला असेल तर मात्र अडचण येऊ शकते.

*सेकंडहँड गाडीच्या पाइपला पोचा आहे, घेऊ का?*
पोच्यासाठी गाडी सोडू नका, पण तो कसा पडला हे जरूर विचारा. पाइपसोबत फूटरेस्ट, हँडल किंवा चासीवरही खुणा असतील तर गाडी पडलेली आहे. तो मुद्दा पोच्यापेक्षा कितीतरी मोठा.

शेवटी माझ्या गाडीचं काय झालं?

साबणाचं पाणी शिंपडलं तेव्हा पोच्यावर एकही बुडबुडा आला नाही. बुडबुडे आले ते हेडजवळच्या सांध्यातून. धक्क्याने तिथलं गॅस्केट हललं होतं. म्हणजे गाडी जड वाटत होती ते खरं होतं, कारण मात्र दुसरं होतं. नवं गॅस्केट घातलं, नट नीट आवळले, खर्च सायलेन्सरच्या बिलापुढे चहापाण्याइतका. फट-फट आवाज थांबला आणि पुढच्या दोन टाक्यांत अ‍ॅव्हरेज जागेवर आलं.

पोचा अजून तसाच आहे. परवा त्याच गॅरेजमध्ये ऑइल बदलायला गेलो तर मेकॅनिकने वाकून बघितलं आणि विचारलं, "अजून बदलला नाही?" मी म्हटलं, "मोजून बघितला, चालतंय." तुम्हीही बदलण्याआधी एकदा मोजून बघा.